कोरे, सोरे, आरे, दोरे: जपानीतलं ‘ते’ नेमकं कुणाचं?

ज्यांनी हा भाग लोकलमध्ये, बसमध्ये किंवा भांडी घासता घासता ऐकला त्यांचं स्वागत, आणि ज्यांना अर्ध्यात झोप लागली म्हणून आता वाचायला आलात त्यांचंही. नेहमीसारखं बोललेलंच लिहून काढलंय, फक्त माझे ‘अं...’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत. जपानी शब्द देवनागरीतच लिहिलेत. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर थोडा लांबवायचा, एवढंच लक्षात ठेवा.

आजचा विषय बालवाडीतला वाटेल. हे, ते, इथे, तिथे. जपानी शिकायला लागलं की हे शब्द पहिल्या काही तासांतच येतात. मीही शिकले. जेएलपीटीच्या एन-५ परीक्षेत त्यावरचे प्रश्न सोडवले, पास झाले, घरी पेढे आले. आणि मग एका मंगळवारी याच बालवाडीतल्या एका शब्दामुळे मी चुकीच्या देशातला सर्व्हर रीस्टार्ट केला.

तर आधी ती गोष्ट.

मंगळवारचा कॉल

बीटेक झाल्यावर मी पुण्यात नोकरीला लागले. दुसऱ्या वर्षी एका जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर गेले. ‘तुला जपानी येतं ना’ म्हणून कॉल माझ्याकडे आले. आता एन-५ म्हणजे जपानी ‘येणं’ नव्हे, एन-५ म्हणजे जपानी दाराशी उभं राहून बेल वाजवणं. पण ऑफिसात हे कुणाला समजावणार?

आमच्याकडे दोन टेस्ट सर्व्हर होते. एक पुण्याचा, एक जपानचा. दोन्हींवर आमच्या टीमला ॲक्सेस होता. सकाळी साडेअकराचा कॉल, म्हणजे तिकडे दुपारचे तीन, कारण जपान आपल्या साडेतीन तास पुढे. पुण्याचा सर्व्हर अडकला होता. तिकडच्या सीनिअर इंजिनीअरांनी शांतपणे सांगितलं: “सोचिरा नो साऽबाऽ ओ साइकिदोऽ शिते कुदासाइ.”

साऽबाऽ म्हणजे सर्व्हर. साइकिदोऽ म्हणजे रीस्टार्ट. शिते कुदासाइ म्हणजे करा. सगळं कळलं. आणि सोचिरा? माझ्या वहीत लिहिलं होतं: सोचिरा = तिकडे.

आता गंमत बघा. आमच्या टीममध्ये ‘तिकडे’ या शब्दाचा एकच अर्थ होता. “तिकडून मेल आला का?” “तिकडे आज सुट्टी आहे.” तिकडे म्हणजे जपान. मी मनातल्या मनात भाषांतर केलं, ‘तिकडचा सर्व्हर रीस्टार्ट करा’, आणि जपानचा सर्व्हर रीस्टार्ट केला. त्यावर त्यांची सकाळपासून टेस्टिंग चालली होती.

दहा सेकंद शांतता. मग अगदी सभ्य आवाजात प्रश्न आला: “दोनो साऽबाऽ देसु का?” कोणता सर्व्हर?

कॉल संपल्यावर आमचा टीम लीड एवढंच म्हणाला, “अगं, सोचिरा म्हणजे तुमच्याकडचा. तुमच्या म्हणजे आपल्या.” तिकडच्या टीमचं अर्ध्या दिवसाचं काम परत करायला लागलं. कुणी ओरडलं नाही, आणि त्यानेच जास्त लाज वाटली.

शब्द मला पाठ होता. तो कुठे उभं राहून बोलायचा असतो, ते माहीत नव्हतं. आजचा सगळा भाग त्याबद्दल आहे.

आधी तक्ता, कारण तो सोपा आहे

जपानीत या शब्दांच्या कुटुंबाला ‘को-सो-आ-दो’ म्हणतात. चार सुरुवाती, आणि त्यांच्यामागे वेगवेगळे शेपूट. आपण कोडर लोक याला प्रीफिक्स आणि सफिक्स म्हणू.

वस्तू: कोरे, सोरे, आरे, दोरे.
नामाच्या आधी लागणारे: कोनो, सोनो, आनो, दोनो.
जागा: कोको, सोको, आसोको, दोको.
दिशा, बाजू, आणि अदबीने बोलताना जागा किंवा माणूसही: कोचिरा, सोचिरा, आचिरा, दोचिरा. मित्रांत बोलताना हेच कोच्चि, सोच्चि, आच्चि, दोच्चि होतात.
प्रकार: कोन्ना, सोन्ना, आन्ना, दोन्ना.
रीत: कोऽ, सोऽ, आऽ, दोऽ.

नियम मोडणारा एकच मोठा शब्द, आसोको. ‘आको’ असायला हवा होता, पण नाही. भाषा आहे, कोड रिव्ह्यू कोण करणार?

मराठी माणसाला हा तक्ता अजिबात परका वाटायला नको, कारण आपल्याकडे असाच तक्ता आहे, फक्त आपण तो कधी मांडून बघत नाही. इथे, तिथे, जिथे, कुठे. असा, तसा, जसा, कसा. एवढा, तेवढा, जेवढा, केवढा. चार रांगा! आपला ‘क’ म्हणजे त्यांचा ‘दो’, प्रश्नाची रांग. आपली ‘ज’ची रांग जपानीत नाहीच. ‘जे पुस्तक मी काल वाचलं ते’ असं जोडवाक्य ते करत नाहीत. ते म्हणतात ‘किनोऽ योंदा होन’, शब्दाला शब्द ठेवला तर ‘काल वाचलेलं पुस्तक’. हेही आपल्याकडे आहेच. म्हणजे तिथे काही नवीन शिकायचं नाही.

उरल्या दोन रांगा आपल्या, आणि तीन त्यांच्या. आपलं ‘हे’ आणि ‘ते’. त्यांचं ‘को’, ‘सो’ आणि ‘आ’. आपल्या एका ‘ते’ची त्यांच्याकडे दोन घरं आहेत. माझा सर्व्हर याच दोन घरांच्या मधल्या बोळात पडला.

पाठ करायला माझी युक्ती: कोरे म्हणजे कोरा कागद, तो माझ्या हातात. दोरे म्हणजे सुईचे दोरे, ‘कोणता रंग हवा?’ असा प्रश्न. आणि आरे? जपानी माणूस एकदम काही विचित्र दिसलं की म्हणतो, “आरे?” हुबेहूब आपल्या “अरे?”सारखं. तेव्हा तो ‘ते’ म्हणत नसतो, नवल करत असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांना मराठी येतं की काय!

अंतर मोजू नका, माणूस बघा

बऱ्याच जणांना असं शिकवलं जातं: को जवळ, सो मध्यम, आ लांब. जपानच्या जुन्या व्याकरणातही याच अर्थाची नावं आहेत: किन्शोऽ, चूऽशोऽ, एन्शोऽ. जवळचं, मधलं, लांबचं. हे पूर्ण चूक नाही, पण यावर विसंबलात तर माझ्यासारखे फसाल.

१९३६ साली साकुमा कानाए या मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात हे वेगळ्या तऱ्हेने मांडलं. ‘को-सो-आ-दो’ हे नावही त्यांच्याकडूनच आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: को ही बोलणाऱ्याची हद्द. सो ही ऐकणाऱ्याची हद्द. आ म्हणजे दोघांच्याही हद्दीबाहेरचं. म्हणजे मी, तू आणि बाकीचं जग.

टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसलेत असं समजा. माझ्या हातातला कप माझ्यासाठी कोरे. तुमच्या पुढ्यातला कप माझ्यासाठी सोरे, तो हातभर अंतरावर असला तरी. भिंतीवरचं घड्याळ दोघांसाठीही आरे. आता तुम्ही बोलायला लागलात की सगळं उलटतं: तुमचा कप कोरे, माझा सोरे. घड्याळ मात्र आरेच राहतं.

म्हणून जपानी प्रश्नोत्तरांचा एक साधा नियम आहे. समोरच्याने माझ्या हातातल्या वस्तूकडे बघून “सोरे वा नान देसु का?”, ते काय आहे, असं विचारलं, तर उत्तर “कोरे वा...” असं सुरू होतं. त्याने स्वतःजवळच्या वस्तूला ‘कोरे’ म्हटलं, तर माझं उत्तर ‘सोरे’. आणि ‘आरे’ला उत्तर ‘आरे’. को आला तर सो, सो आला तर को, आ आला तर आ.

दुकानातही तेच. हातात घेतलेली वस्तू हवी असेल तर “कोरे ओ कुदासाइ.” काउंटरपलीकडे दुकानदाराजवळ आहे ती हवी, तर “सोरे ओ कुदासाइ.” आणि दोघांपासून लांब, मागच्या वरच्या फळीवरची हवी, तर “आरे ओ कुदासाइ.”

मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण डॉक्टरचं आहे. तुमची पाठ दुखतेय. डॉक्टर पाठीवर एका जागी दाबून विचारतात, “कोको देसु का?” इथे का? मराठीत आपण सहज म्हणू, “हो हो, इथेच.” पाठ आपली आहे ना! जपानी पेशंट म्हणेल, “हाइ, सोको देसु.” हो, तिथे. स्वतःच्या पाठीला ‘तिथे’! कारण त्या क्षणी ती जागा डॉक्टरच्या बोटाखाली आहे, डॉक्टरने तिला ‘इथे’ म्हटलंय, म्हणजे ती त्यांच्या हद्दीत गेली. अंतर मोजत बसलात तर हे उदाहरण कधीच सुटणार नाही. स्वतःच्या पाठीपेक्षा जवळ काय असणार?

मग ‘मध्यम अंतर’ कुठून आलं? तेही खरं आहे, पण दोघं एकाच बाजूला असतात तेव्हा. टॅक्सीत तुम्ही आणि ड्रायव्हर दोघंही पुढे बघताय. अशा वेळी ‘माझी हद्द, तुझी हद्द’ राहत नाही, दोघांची मिळून एक होते. मग थोड्या पुढचा कोपरा ‘सोनो कादो’, आणि पार लांब दिसणारी इमारत ‘आनो बिरु’. तसंच शेजाऱ्याने “दोचिरा ए?”, कुठे निघालात, असं विचारलं की ठरलेलं उत्तर असतं, “चोत्तो सोको मादे.” जरा तिथपर्यंत. कुठपर्यंत ते सांगायचंच नसतं, आणि विचारणाऱ्यालाही खरं उत्तर नको असतं. आपलं “जरा जाऊन येते” आणि हे, सख्खी भावंडं.

आता माझ्या कॉलकडे या. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर दोघांमध्ये समान जागाच नसते. मी जिथे आहे ते कोचिरा, तुम्ही जिथे आहात ते सोचिरा. “कोचिरा वा आमे देसु. सोचिरा वा दोऽ देसु का?” आमच्याकडे पाऊस आहे, तुमच्याकडे कसं? त्या सीनिअरनी ‘सोचिरा’ म्हटलं तेव्हा त्यांनी बोट थेट माझ्याकडे रोखलं होतं. मी ते बोट बघितलंच नाही. मी शब्द घेतला, वहीतून अर्थ काढला, आणि तो अर्थ माझ्या खुर्चीवरून वापरला.

मराठी माणसाचे तीन खड्डे

पहिला खड्डा: कोरे आणि कोनो. आपलं ‘हे’ दोन्ही कामं करतं. ‘हे काय आहे?’ आणि ‘हे पुस्तक’. जपानीत एकटा उभा राहतो तो कोरे, नामाला चिकटतो तो कोनो. ‘कोरे होन’ चूक, ‘कोनो होन’ बरोबर. पण त्या बदल्यात केवढी सूट आहे बघा: हा मुलगा, ही मुलगी, हे मूल, ह्या मुली, ह्या मुलाला... सगळ्याला एकच ‘कोनो’. लिंग नाही, वचन नाही, सामान्यरूप नाही. मराठी शिकणाऱ्या जपानी माणसाची दया येते मला.

दुसरा खड्डा: माणसांची ओळख करून देताना. मराठीत आपण आदराने म्हणतो, “हे तानाका.” यातलं ‘हे’ आदरार्थी अनेकवचन आहे. पण तेच ‘हे’ नपुंसकलिंगीही आहे, ‘हे टेबल’मधलं. आपल्या डोक्यात ‘हे’ला ‘कोरे’ चिकटलेलं असतं, म्हणून तोंडातून निघतं, “कोरे वा तानाका-सान देसु.” समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला वस्तू करून टाकलं! तिथे म्हणायचं, “कोचिरा वा तानाका-सान देसु.” शब्दशः ‘या बाजूला तानाका-सान’. माणसाकडे थेट बोट दाखवायचं नाही, तो ज्या बाजूला आहे त्या बाजूकडे हात करायचा, ही अदब.

आणि हे फार परकं समजू नका. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव न घेता ‘आमचे हे’ म्हणायच्या, तीही दर्शक शब्दातून केलेली अदबच. जपानीतला ‘आनाता’, म्हणजे ‘तुम्ही’, हा शब्दही मुळात ‘पलीकडची बाजू’ या अर्थाचा होता. आज तो वरिष्ठांना वापरत नाहीत, नाव घेऊन ‘सान’ लावतात, पण बायको नवऱ्याला ‘आनाता’ म्हणते ते ऐकलं की मला ‘अहो’च आठवतं.

तिसरा खड्डा: ‘असं का?’ समोरच्याने काही सांगितलं की आपण म्हणतो, “असं का?” ‘असं’ आपल्या जवळच्या रांगेतलं. म्हणून मी सुरुवातीला ‘कोऽ देसु का?’ म्हणायला जायची. जपानी म्हणतो, “सोऽ देसु का?” तसं का? तुम्ही सांगितलंत, म्हणजे माहिती तुमच्या हद्दीतली. ‘सोऽ देसु ने’, ‘सोऽ देसु का’ हे शब्द जपानी संभाषणात सतत ऐकू येतात. दर वेळी ‘सो’, दर वेळी समोरच्याकडे हात.

वस्तू समोर नसेल तेव्हा

इथपर्यंत सगळं डोळ्यांना दिसणारं होतं. खरी परीक्षा पुढे आहे. ज्याच्याबद्दल बोलतोय ते समोर नाही, फक्त बोलण्यात आहे, तेव्हा सो की आ?

एकदा मी तिकडच्या एका मुलीला सांगत होते की कोल्हापूरला माझी एक मैत्रीण आहे. पुढचं वाक्य मी सुरू केलं, “आनो तोमोदाचि वा...” ती माझी मैत्रीण... समोरच्या मुलीचा चेहरा गोंधळला. ती आठवायला लागली, आपण भेटलोय का हिच्या मैत्रिणीला?

कुनो सुसुमु या भाषाशास्त्रज्ञांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात हा नियम नेमका सांगितलाय. बोलण्यातली व्यक्ती किंवा गोष्ट दोघांनाही माहीत असेल, आणि ती समोरच्यालाही माहीत आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असेल, तर आ. दोघांपैकी एकालाच माहीत असेल, तर सो. माझी कोल्हापूरची मैत्रीण फक्त मला माहीत, म्हणून ‘सोनो तोमोदाचि’. उलट, समोरच्याने त्याच्या एखाद्या मित्राचा विषय काढला, जो मला माहीत नाही, तर मीही विचारायचं, “सोनो हितो वा...?” ती व्यक्ती...? आणि दोघांनी मिळून जे हॉटेल बघितलं, ते ‘आनो मिसे’.

कोडरच्या भाषेत सांगू? को म्हणजे माझा लोकल व्हेरिएबल, आ म्हणजे दोघांच्या शेअर्ड मेमरीतला. सो म्हणजे आत्ता या कॉलमध्ये आर्ग्युमेंट म्हणून पास केलेला. शेअर्ड मेमरीत नसलेली गोष्ट आ लावून मागितली, तर समोरचा शोधत बसतो आणि नल मिळतो.

एक अपवाद. स्वतःशीच बोलताना किंवा आठवणीत रमताना ‘आ’ चालतो, ऐकणाऱ्याला माहीत असो वा नसो. ‘आनो कोरो’, ते दिवस. तिथे श्रोता आपण स्वतःच असतो.

हा नियम उलटा फिरवला की तो आणखी कामाचा ठरतो. कुणी तुमच्याशी बोलताना ‘आनो’ म्हटलं, तर तो माणूस तुम्हाला न विचारता एक गोष्ट गृहीत धरतोय: हे तुला माहीत आहे.

सर्व्हरच्या प्रकरणानंतर दोनेक महिन्यांनी त्याच सीनिअरनी कॉलच्या शेवटी विचारलं, “आनो केन वा दोऽ नारिमाशिता का?” ‘केन’ म्हणजे बाब, प्रकरण. त्या बाबीचं काय झालं? कुठली बाब? मला पत्ता नव्हता. पण आधीच एकदा माती खाल्लेली, आता परत ‘कळलं नाही’ कोण म्हणणार? मी मान डोलावली. “हाइ, काकुनिन शिमासु.” हो, बघून सांगते. वाटलं, नंतर मेलमध्ये येईलच.

मेल आला नाही. येणार कसा? त्यांनी ‘आनो’ म्हटलं, मी ‘हाइ’ म्हटलं, म्हणजे दोघांना माहीत असल्यावर शिक्का बसला. ती बाब मी रजेवर असताना ठरलेली होती, आणि ती आमच्याकडून कुणीच करत नव्हतं. पाच दिवसांनी उघड झालं. रीस्टार्ट ही न कळून झालेली चूक होती. हे मात्र मी कळून केलं. मला माहीत नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी मान डोलावली. आजही त्या दोन्हींपैकी दुसरी चूक जास्त खुपते.

त्या दिवशी म्हणायला हवं होतं ते वाक्य आता माझ्या मॉनिटरखाली चिकटवलंय: “सुमिमासेन, दोनो केन देशोऽ का?” माफ करा, कोणती बाब? ‘आ’ कळला नाही तर ‘दो’ने विचारायचं. ती रांग त्यासाठीच तर आहे.

उद्यापासून करायच्या तीन गोष्टी

एक. सो ऐकला की को म्हणून परत बोला. “सोचिरा नो साऽबाऽ” ऐकलं की मी आता काहीही टाइप करायच्या आधी म्हणते, “कोचिरा नो साऽबाऽ, पुणे नो देसु ने?” आमच्याकडचा, पुण्याचा, बरोबर? नेटवर्कमध्ये पॅकेट मिळाल्याची पोच देतात ना, तसं. समजलं असेल तर दोन सेकंद जातात. समजलं नसेल तर अर्धा दिवस वाचतो.

दोन. वहीतून ‘सोरे = ते’ आणि ‘आरे = ते’ खोडून टाका. त्याऐवजी लिहा: सोरे = तुझ्याकडचं ते, किंवा तू-मी आत्ता ज्याबद्दल बोललो ते. आरे = दोघांपासून लांबचं ते, किंवा आपल्या दोघांना आठवणारं ते. लांबलचक आहे, पण खरं आहे.

तीन. घरात सराव करा, मराठीतच. दिवसभर प्रत्येक वेळी ‘ते’ म्हणालात की स्वतःला विचारा, हे ‘ते’ कुठलं? आई म्हणते, “तुझ्या हातातलं ते दे.” सो. बाबा गॅलरीतून म्हणतात, “ते बघ विमान.” आ. आजी कपाळावर हात मारून म्हणते, “अगं ते आण, ते आपलं हे...” आणि तुम्ही न विचारता चष्मा आणून देता. हा सगळ्यात शुद्ध ‘आ’. जपानातली जुनी जोडपीही घरात “आरे, आरे तोत्ते” म्हणतात, ते दे, ते दे. आणि बरोबर तीच वस्तू हातात येते.

पुण्यात असाल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एखाद्या मैत्रिणीला घेऊन जा. ही बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे. दोघी समोरासमोर उभ्या राहा आणि दिसेल त्याला को, सो, आ लावा. मग शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहा आणि परत लावा. काही वस्तूंचे शब्द बदलतील. का बदलले हे एकमेकींना सांगता आलं, की हा धडा संपला.

शेवटी एक सांगते आणि थांबते. मागच्या वर्षी तो प्रोजेक्ट संपला. शेवटचा कॉल होता, सगळे एकमेकांचे आभार मानत होते, मी “ओसेवा नि नारिमाशिता” म्हटलं, त्यांनी “कोचिरा कोसो” म्हटलं, म्हणजे ‘आभार तर आमच्याकडून’. आणि मग ते सीनिअर पहिल्यांदाच मोठ्याने हसत म्हणाले, “आनो साऽबाऽ...”

तो सर्व्हर.

कुणी विचारलं नाही, ‘दोनो?’ म्हणून. सगळ्यांना माहीत होता. मीही हसले.

चला मंडळी, तुमचे को-सो-आ-दोचे घोटाळे व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात निवडक ऐकवते. तोपर्यंत, ‘ते’ म्हणायच्या आधी जरा समोरच्याकडे बघा. भेटूच. माता ने!